कोंबड्या आणि टीएनटी : वडगावातल्या एका प्रँकचं प्रकरण

दसऱ्याच्या सुट्टीतला तिसरा-चौथा दिवस असेल. दुपारी जेवून जरा आडवी झाले होते तर बारक्याची आई दारात उभी. "टीचर, तुम्ही तरी सांगा की ओ त्याला, घरात आज लई तमाशा झालाय."

बारक्या हे त्याचं खरं नाव नव्हे, खरं सांगायची गरजही नाही. माझ्या ट्यूशनला येणारा चौथीतला पोरगा, वय नऊ, मराठी शाळेत जातो, गल्लीत कन्नड बोलतो आणि हिंदी सगळी यूट्यूबवरनं शिकलाय. वडील उद्यमबागेत मशीन शॉपला शिफ्टमध्ये, आई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, बेळगावच्या या वडगावात साड्यांना काय तोटा नाही त्यामुळं मशीन दिवसभर चालू. वरच्या मजल्यावर काका-काकू आणि त्यांची मुलगी, ती सहावीला. तिला आपण ताई म्हणू, बारक्याही ताईच म्हणतो.

झालं असं की ताईकडं एक जुना टॅब आहे, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला, आणि त्याच्यात ती जूनपासून माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून काहीही बांधायच्या गेममध्ये, एक किल्ला बांधत होती. बेळगावात दिवाळीला किल्ले करायचं वेड किती आहे ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही, इथं गल्लोगल्ली किल्ले होतात आणि लोक रात्री ते बघत फिरतात. तर ताईचं म्हणणं होतं की अंगणात चिखल कालवायच्या आधी टॅबमध्ये नकाशा पक्का करायचा. बालेकिल्ला, दोन माच्या, खाली लाकडी वाडा, पायऱ्या मोजून केलेल्या. त्या दिवशी ती दळण आणायला गेली. बारक्यानं बालेकिल्ल्याखाली टीएनटीची, म्हणजे गेममधल्या सुरुंगाच्या ठोकळ्यांची, रांग लावली, आईचा मोबाईल पावडरच्या डब्याला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि ताई पिठाचा डबा घेऊन दारात आली की "ताई, सरप्राइज!" म्हणून पेटवलं. शिवाय वाड्यावर लाव्हा ओतला. ती रडायला लागली तर हा मोबाईल उचलून तिच्या तोंडासमोर धरतोय आणि म्हणतोय, "प्रँक हो गया गाइज, लाइक ठोक दो."

हा व्हिडिओ मी नंतर बघितला. मला टीएनटीपेक्षा ते शेवटचं वाक्य खटकलं. त्याचं चॅनेल नाही, 'गाइज' कुणी नाहीत, तरी तो त्यांच्याशी बोलत होता.

मग जावा-जावांची जुंपली, काकू म्हणाल्या तुझ्या पोराला मोबाईलनं वाया घालवलंय, इकडून आई म्हणाली गेममधलंच तर होतं, खरं घर पाडलं काय, आणि संध्याकाळी वडील शिफ्टवरनं आले ते थेट मोबाईल कपाटावर आणि पोराच्या पाठीत दोन. दुसऱ्या दिवशी आई परत माझ्याकडं आली ती हा प्रश्न घेऊन : "हे असले व्हिडिओ बघायला द्यायचे का न्हाई? मी बघून घेतलेते ओ, शिव्या नसतात म्हणून सोडत होते."

शिव्या नसतात म्हणून. या एका परीक्षेवर आपल्याकडचे निम्मे आईबाप पोराच्या हातात मोबाईल देतात, मीही माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच केलेलं आहे. आणि सीमाभागात ही परीक्षा आणखीनच कच्ची, कारण घरात मराठी, बाजारात कन्नड, व्हिडिओ हिंदी नाहीतर इंग्लिश, आणि शिवी कुठल्या भाषेतली ते आईला कळेपर्यंत पोराच्या तोंडात बसलेली असते. बारक्या घरात एक इंग्लिश शब्द सारखा वापरायचा, आईला वाटायचं गेममधल्या कुठल्या हत्याराचं नाव असेल. ते नाव नव्हतं.

मी आईला म्हटलं मोबाईल घेऊन बसूया आणि हिस्ट्री उघडूया. यूट्यूबमध्ये आपल्या प्रोफाइलवर गेलं की काय काय बघितलं त्याची यादी दिसते, बऱ्याच आयांना हे माहीतच नसतं. सकाळी आरत्या, मग ब्लाउजच्या डिझाइन, एखादी कुंद्याची रेसिपी, आणि दुपारी सलग गेमिंग. आई म्हणाली ती वेळ तिच्या मशीनची. मशीनच्या आवाजात पोरगा काय ऐकतोय ते कळत नाही आणि पोराला हे बरोबर ठाऊक होतं. यादी खालून वर वाचली, म्हणजे जुन्यापासून नव्याकडं, तर सुरुवातीला 'घर कसं बांधायचं', मग 'दोस्ताच्या घरात लपलो', मग 'दोस्ताला उल्लू बनवलं' आणि शेवटच्या आठवड्यात 'दोस्त रो पडा'. पोरानं काय एका दिवसात हे शोधून काढलं नाही, एक बघितलं की बाजूला दुसरं येतं, जरा जास्त तिखट. रोज पायरी-पायरीनं तिखट वाढत गेलं की जिभेला कळत नाही तसंच.

दुसरी गोष्ट आईला मी दाखवली तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली. फोन तिचा, जीमेल तिचा, जन्मसाल तिचं. म्हणजे यूट्यूबच्या हिशोबानं वडगावातली चौतीस वर्षांची बाई रोज दुपारी माइनक्राफ्टचे प्रँक बघतेय. यूट्यूबवर स्वतःचं खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, त्याखालच्यांसाठी यूट्यूब किड्स नाहीतर पालकांच्या देखरेखीखालचं खातं, अशी त्यांची रचना आहे. काही व्हिडिओंना अठरा वर्षांची अट पण लावलेली असते. पण हे सगळे दरवाजे खात्याचं वय बघून उघडतात आणि आपल्या घरात मोबाईल एक, खातं एक, वापरणारे चार. आईच्या खात्यावर सगळे दरवाजे सताड उघडे.

मग मी जे केलं ते सगळ्यांना सांगते, कारण यातनंच बाकीचं कळलं. बारक्याला म्हटलं तुला आवडणारे चार व्हिडिओ तूच निवड, आपण तिघं मिळून बघू, इअरफोन नाही, पुढं ढकलायचं नाही, सुरुवातीपासनं शेवटपर्यंत. त्याला आधी वाटलं मी रागावणार. मी फक्त तीन प्रश्न विचारत होते : कुणी कुणाला केलं, त्याला आधी माहीत होतं का, आणि शेवटी तो माणूस परत आला का.

पहिला व्हिडिओ माइनक्राफ्टचाच. एकानं मित्राच्या घरात कोंबड्या भरल्या. दार उघडलं की कोंबड्या, पेटी उघडायला जावं तर डोक्यावर कोंबडी, पलंगावर कोंबड्या. मित्र ओरडतोय, शिव्या देत नाही पण ओरडतोय, मग स्वतःच हसतोय आणि पुढच्या पाच मिनिटांत तो उलटा जाऊन पहिल्याच्या घराचं दार काढून तिथं भोपळे लावून येतो. आई मशीनवरनं उठून बघायला आली आणि खुदकन हसली. व्हिडिओ संपला तेव्हा दोघं मित्र पुढच्या वेळी काय करायचं यावर बोलत होते.

दुसऱ्या व्हिडिओवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. बारक्यानं जे केलं त्याचं मूळ तिथंच होतं. 'शंभर दिवसांची मेहनत' वगैरे मोठ्या अक्षरात, थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या बाहेरच्या चित्रावर, रडका चेहरा. मित्राचं घर लाव्हानं जाळलं, मित्र आला, एकदम गप्प झाला, "भाई ये क्या किया" म्हणाला आणि सर्व्हरमधून, म्हणजे दोघं मिळून खेळत होते त्या जगातून, निघून गेला. प्रँक करणारा हसतोय, आणि तो निघून गेला ते दृश्य हळू करून तीनदा दाखवलंय, मागं ढोल. मी विचारलं, "तो खरंच रडला की ॲक्टिंग?" बारक्या म्हणाला खरंच. आई म्हणाली ॲक्टिंग असणार. मी म्हटलं परत लावा. नीट बघितलं तर जळायच्या आधीपासनंच त्या मित्राच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग पण मध्ये मध्ये जोडलंय, तो आपल्या वाटेनं चालत येतोय हेही दिसतंय. आता ज्याला काही माहीत नाही त्यानं आपलं रेकॉर्डिंग आधीच चालू कसं ठेवलं, आणि रागावून गेलेल्या माणसानं ते नंतर यांना दिलं कसं? बारक्या बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे त्याला म्हाईत होतं?"

असेल, नक्की सांगता येत नाही, काही लोक दोन्ही बाजूचं सवयीनंच रेकॉर्ड करतात. पण बहुतेक ठरवूनच. आणि इथं मोठी माणसं चुकतात. आपण म्हणतो नाटकी आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, सोडून द्या. मला उलटं वाटतं. ठरवून केलेल्या प्रँकमध्ये ज्याचं घर जळतं त्याचं काही जात नाही, व्ह्यूज दोघांचे, हसणं दोघांचं. नऊ वर्षांच्या पोराला ते नाटक दिसत नाही, त्याला दिसतं की मित्राची मेहनत जाळली तर मजा येते आणि मित्र पुढच्या व्हिडिओत परत हजर असतो. ताईनं काय कुणाशी ठरवलं नव्हतं. ती पुढच्या व्हिडिओत हजर होणार नव्हती.

तिसरा व्हिडिओ बघून आईचा चेहरा पडला. तिला वाटायचं ते कार्टून आहे, कारण त्याच्यात शिनचॅन होता. हिंदी गेमिंगमध्ये हा एक मोठाच प्रकार आहे, जीटीए फाइव्ह नावाच्या गेममध्ये कार्टूनची पात्रं बाहेरून घालतात आणि त्यांच्या गोष्टी रचतात, गाडी चोरली, पोलिसांना चकवलं, शेजाऱ्याला प्रँक केलं. लांबून बघणाऱ्या आईला कार्टूनचा ओळखीचा चेहरा दिसतो. पण तो गेम २०१३ साली आला तेव्हापासून युरोपात त्याला अठरा वर्षांचं लेबल आहे, अमेरिकेत सतराच्या वरचं. आम्ही बघत असताना शिनचॅननं रस्त्यावरच्या बाईला गाडीनं उडवलं आणि बारक्या काहीच म्हणाला नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ती बाई नव्हतीच, ती रस्त्यातली वस्तू होती. आईनं विचारलं, "आरं ती मेली की काय?" तर हा, "ती अशीच असतीया."

चौथा दोन मिनिटांच्या वर बघवला नाही. बंदूकवाला गेम, व्हॉइस चॅट चालू, टीममध्ये एक अनोळखी मुलगी आवाजावरनं सापडली तर तिला चिडवणं हाच प्रँक. एक शिवी नाही. सगळं दुहेरी अर्थाचं, आणि मागनं हसण्याचा आवाज. आईनंच बंद केला. खाली कॉमेंटमध्ये गेममधले डायमंड फुकट देतो म्हणून लिंक, नंबर टाका, ओटीपी टाका. मी विचारलं टाकलास का, तो नाही म्हणाला, आईनं बँकेचे मेसेज तपासले, काही गेलेलं नव्हतं. कुणाचं गेलं तर ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, जेवढा उशीर तेवढा पैसा लांब जातो.

आता रेटिंगचं. काकू मला म्हणाल्या होत्या की माइनक्राफ्ट वाईट गेम आहे, बंद करा. माइनक्राफ्टला युरोपात सात वर्षांचं लेबल आहे आणि अमेरिकेत दहाच्या वरचं, म्हणजे गेम म्हणून तो बारक्याच्या वयाच्या आसपासचाच आहे. पण पहिला आणि दुसरा व्हिडिओ दोन्ही माइनक्राफ्टचेच होते की! लेबल गेमला लागतं, त्याच्यावर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाला लागत नाही. आणि आपल्याकडं २०२१ च्या आयटी नियमांनी जे सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस असं वर्गीकरण आणलं ते ओटीटीवाल्यांच्या मालिका-सिनेमांना आहे, कुणीही घरात बसून चढवलेल्या व्हिडिओला नाही. तेव्हा गेम अठराचा असेल तर तिथंच थांबायचं, पुढं विचार करायची गरज नाही. गेम सातचा असेल तर काम तिथनं सुरू होतं.

यूट्यूबवर 'मुलांसाठी बनवलेला' अशी एक खूण असते, आईनं विचारलं ती बघून चालेल का. ती २०२० च्या जानेवारीपासून लागू झाली, त्याच्या आधी २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्यावरनं अमेरिकेत गूगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले होते. त्या व्हिडिओंवर कॉमेंट बंद असतात आणि बघणाऱ्याची आवड ओळखून दाखवायच्या जाहिराती चालत नाहीत. पण खूण पहिल्यांदा लावायची ती व्हिडिओ चढवणाऱ्यानंच. आणि खूण असली म्हणजे चांगला आहे असंही नाही, फक्त मुलांना समोर ठेवून बनवलाय एवढंच. बारक्याच्या चारही व्हिडिओंना ती नव्हती. बघणारे बहुतेक चौथी-पाचवीतलेच असणार, तरी नव्हती.

यूट्यूबचा प्रँकबद्दल स्वतःचा नियमही आहे, २०१९ मध्ये त्यांनी तो कडक केला : ज्यात गंभीर इजा होईल असं वाटतं, किंवा ज्यानं लहान मुलांना खोलवर मानसिक त्रास होतो ते प्रँक चालत नाहीत. चांगलंच आहे. पण दोस्ताचं गेममधलं घर जाळणं कुठल्याच नियमात बसत नाही, ते काढायला सांगणारा कुणी नाही, त्यामुळं तेवढं काम आईबापाच्याच गळ्यात.

इथं माझी चूक सांगते. पहिल्या दिवशीच मी शहाणपणानं मोबाईलमध्ये यूट्यूब किड्स घालून दिलं. त्याच्यात वयाचे गट असतात, नऊ ते बारा असा एक आहे, आणि हवं तर आपण मंजूर केलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं. ॲप चांगलं आहे, माझ्या ट्यूशनमधल्या दुसरीतल्या एका मुलीला छान चाललंय. बारक्यानं दोन दिवस बघितलं, "हे बारक्या पोरांचं हाय" म्हणाला (त्याच्या तोंडी हे ऐकून मला हसू आलं) आणि तिसऱ्या दिवसापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मित्राच्या मोबाईलवर बघायला लागला. म्हणजे आधी निदान हिस्ट्रीत दिसत होतं, आता ते पण नाही. नुसतं कुलूप घालून मी त्याला दुसऱ्याच्या घरात पाठवलं होतं.

खरी उकल ताईकडनं झाली, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. आठवडा झाला तरी ती बोलत नव्हती, मी वर जाऊन बसले, म्हटलं मला तो गेम शिकव. ती शिकवता शिकवता म्हणाली, "टीचर, कोंबड्या काढता येतात. जळलेलं परत येत न्हाई." मग तिनं मला दाखवलं की जगाच्या सेटिंगमध्ये आग पसरू द्यायची की नाही, टीएनटी फुटू द्यायचा की नाही याची बटणं असतात, पाहुण्याला 'व्हिजिटर' ठेवलं तर त्याला काही तोडता येत नाही, आणि पूर्ण जगाची कॉपी काढून ठेवता येते. "कॉपी काढलेली असती तर मी पण हसले असते," असं ती म्हणाली. मग जरा थांबून, "थोडं."

मी व्हिडिओंकडं बघायची माझी पद्धत त्या वाक्यानं बदलली. तोवर मी हसणं-रडणं बघत होते, ते नाटकी असू शकतं. पण जे बिघडवलं ते परत जागेवर येतं का, आणि आणायचं कष्ट कोण करतो, हे नाटक असलं तरी दिसतंच. कोंबड्यांच्या व्हिडिओत शेवटी दोघांनी मिळून कोंबड्या हाकलल्या. लाव्हाच्या व्हिडिओत राखेवर कॅमेरा थांबवून व्हिडिओ संपला.

बारक्याच्या वडलांशी बोलणं वेगळंच झालं. मारून झाल्यावर त्यांचा राग ओसरला होता आणि आता ते दुसऱ्या टोकाला : "टीचर, पोरं असंच करणार ओ. आम्ही होळीला लोकांच्या दारातली लाकडं चोरलोय, काय झालं?" मी म्हटलं भाऊजी, होळी कधी आहे हे लाकडाच्या मालकाला माहीत असतं, तो जागत बसतो, आणि तुम्ही कुणा पोरीची लाकडं चोरून ती रडताना फोटो काढलात काय? ते हसले. मग म्हणाले की चहाच्या सुट्टीत शॉपमध्ये सगळेच प्रँकचे रील बघतात आणि तेही घरी येऊन पोराला दाखवतात. हे त्यांनी स्वतः सांगितलं, मी विचारलं नव्हतं. एक रील तर पोलिसांना खोटा फोन करायचं होतं. त्यावर मात्र मी गंभीर झाले, कारण अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये विचिटा शहरात ऑनलाइन गेमच्या भांडणातनं कुणीतरी पोलिसांना खोटा फोन केला आणि ज्याचा त्या गेमशी काही संबंध नव्हता असा माणूस स्वतःच्या दारात पोलिसांच्या गोळीनं मेला, फोन करणाऱ्याला पुढं वीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडं तसं होणार नाही म्हणा, पण तातडीच्या मदतीच्या ११२ ला गंमत म्हणून फोन लागला तर तेवढा वेळ कुणाचातरी खरा फोन थांबतो. हा एक प्रकार मी चर्चेला ठेवला नाही. वडलांनी पण ठेवला नाही.

मग घरात जे ठरलं ते काय मोठं शास्त्र नाही. यूट्यूब बघायचं ते हॉलमधल्या टीव्हीवर, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा, मोबाईलवर नाही. टीव्हीवर लावला की पोरगा आपोआप वेगळं निवडतो हे आईनं दोन दिवसांत टिपलं, आजी समोर जपमाळ घेऊन बसलेली असताना चौथ्या प्रकारचा व्हिडिओ लावायची त्याची हिंमत झाली नाही. नवं चॅनेल आलं की पहिला व्हिडिओ कुणीतरी मोठ्यानं सोबत पूर्ण बघायचा, फक्त पहिला, कारण रोज सगळे बघायला कुठल्या आईला वेळ आहे. जीटीएवाले आणि ते मुलीला चिडवणारे, त्यांच्यावर 'हे चॅनेल सुचवू नका' दाबून टाकलं आणि हिस्ट्रीतनं काढले. चार-पाच दिवसांत समोर येणारी यादी बरीच निवळली, पूर्ण नाही, मध्येच एखादा रडका थंबनेल येतोच. देखरेखीच्या खात्यात नऊ प्लस, तेरा प्लस आणि जवळजवळ सगळं, असे तीन टप्पे मिळतात, ते मी त्यांना सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी पाचवीत त्याला वेगळा मोबाईल द्यायची वेळ आली तर तेव्हा.

कोपऱ्यावरच्या मित्राचं काय? त्याच्या आईला जाऊन सांगायला बारक्याची आई तयार नव्हती, "त्या म्हणतील आपलं सांभाळा आधी." मी गेले. त्या कन्नड बोलणाऱ्या, माझं कन्नड मोडकं, तरी दुसरा व्हिडिओ लावून दाखवला तर भाषेची गरज लागली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की त्या मुलानं भांडण मिटवलं का. म्हटलं नाही. त्या बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. त्यांनी पुढं काय केलं ते मला माहीत नाही, बारक्या अजून तिकडं खेळायला जातो.

ताईनं माफी अशी लगेच दिली नाही आणि मला ते बरं वाटलं. तिची अट होती की बारक्यानं पायऱ्या परत बांधायच्या, ती सांगेल त्या मापानं, एक पण चुकली की परत पहिल्यापासनं. तो रोज अर्धा तास वर जाऊन दगड रचत होता. मी एकदा बघितलं, पाठ दुखल्यासारखा चेहरा करून बसलेला. व्हिडिओत राखेनंतरचं हे कधी दाखवत नाहीत. काकू मात्र अजून खाली चहाला येत नाहीत, हळदीकुंकवाला आल्या तेवढंच.

दिवाळीत अंगणात खरा किल्ला झाला, गोणपाट, चिखल, वर मोहरी पेरून हिरवळ. तुळशीचं लग्न झाल्यावर आपल्याकडं पोरं स्वतःचा किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवतात, हे काही कुठल्या चॅनेलवरनं शिकलेलं नाही. बारक्यानं आदल्या दिवसापासनं ताईच्या मागं लकडा लावला की वात मी लावणार. ती नाही म्हणाली. तिनंच लावली. त्यानं रेकॉर्डिंगसाठी मोबाईल मागितला तर आईनं तो पण दिला नाही, मग दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहिला आणि बालेकिल्ला उडाल्यावर सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला.

टॅबमधल्या किल्ल्याची ताई आता दर रविवारी कॉपी काढते. मागच्या आठवड्यात तिनं टॅब आणून मला दाखवला, वाड्यात कोंबड्याच कोंबड्या. बारक्यानं तिला न विचारता सोडल्या होत्या, आणि एकेकीला नावाची पाटी लावली होती, एक आजी, एक काकू, सारखी दारात आडवी येते ती टीचर. काकूची कोंबडी ताईनं आई बघायच्या आत काढून टाकली. बाकीच्या अजून आहेत.